‘सेट ओपन आहे’

तीन वर्षांपूर्वी मी एक वापरलेला, जपानी बनावटीचा, शंभर वॅटचा एचएफ ट्रान्सीव्हर, म्हणजे लघुलहरींवर ऐकता-बोलता येणारा रेडिओ संच, विकत घेतला. विकणाऱ्या गृहस्थांनी पॉवर केबल, माइक आणि मॅन्युअल माझ्या हातात ठेवले आणि निघताना ‘सेट ओपन आहे’ एवढे तीनच शब्द सांगितले. ते त्यांनी संचाचा गुण म्हणून सांगितले होते, आणि किमतीतले हजारभर रुपये बहुधा त्या तीन शब्दांचेच होते. हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या मंडळींच्या बोलीत ओपन म्हणजे असा संच, जो हौशी रेडिओसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांपाशी न थांबता साधारण दीड मेगाहर्ट्झपासून तीस मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही प्रक्षेपण करतो. मला त्याची गरज नव्हती. पण आयत्या मिळालेल्या गोष्टीला नको म्हणण्याची आपल्याला सवय नसते, म्हणून मीही काही बोललो नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री मी चाळीस मीटरच्या (सात मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यावर एफटी-८ लावून बसलो होतो. हा संगणकाच्या मदतीने चालणारा प्रकार आहे. त्यात पंधरा सेकंदांचे ठोके ठरलेले असतात आणि प्रत्येक पाळीत १२.६४ सेकंद प्रक्षेपण होते. त्यासाठीची चाळीस मीटरवरची ठरलेली वारंवारता ७.०७४ मेगाहर्ट्झ. मी अर्धा तास हाका मारत होतो आणि कोणीही उत्तर देत नव्हते. पडद्यावर एकही स्टेशन उमटत नव्हते, त्याचा दोष मी हवामानाला दिला. अँटेना संचाशी जुळत नसल्याचे दाखवणारा एसडब्ल्यूआरचा काटा वर चढलेला होता आणि संचाने स्वतःच्या रक्षणासाठी पॉवर कमी केली होती, त्याचा दोष मी अँटेनाला दिला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर भुरभुर पावसात टॉर्च घेऊन गेलो, डायपोलच्या, म्हणजे तारेच्या अँटेनाच्या, मधल्या डब्याचे झाकण उघडून आतले पाणी पुसले, कनेक्टर आवळला, ओला होऊन खाली आलो आणि तेव्हा कुठे डायलकडे नीट पाहिले. तिथे ७.७४० असा आकडा होता. संगणकावर आकडे टाइप करताना शून्य, सात आणि चार यांची जागा चुकली होती.

भारतात चाळीस मीटरचा हौशी पट्टा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढाच आहे. म्हणजे मी त्याच्याही ५४० किलोहर्ट्झ वर, दुसऱ्या सेवांना दिलेल्या जागेत, अर्धा तास बोलत होतो. आणि एफटी-८ ची रीतच अशी की प्रत्येक हाकेत स्वतःचा कॉल साइन (परवान्याबरोबर मिळालेले ओळखनाव) जातो, त्यामुळे दर अर्ध्या मिनिटाला मी गुन्हा करून खाली सही करत होतो, असे म्हणायला हरकत नाही. अँटेना बिचारी निर्दोष होती. सात मेगाहर्ट्झसाठी कापलेली तार पावणेआठवर जुळणार तरी कशी? संच मूळ स्थितीत असता तर पहिल्याच हाकेला त्याने प्रक्षेपण नाकारले असते आणि माझी चूक दहा सेकंदांत माझ्या लक्षात आली असती.

त्या रात्रीपासून हे ‘ओपन’ प्रकरण मुळापासून समजून घ्यायचे मी ठरवले.

एकच संच अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये आणि आपल्याकडे विकला जातो, पण प्रत्येक ठिकाणचे पट्टे सारखे नसतात. चाळीस मीटर अमेरिकेत ७.३०० पर्यंत जातो, युरोपात आणि आपल्याकडे ७.२०० ला संपतो. ऐंशी मीटर अमेरिकेत ३.५ ते ४.० असा सलग आहे, तर जपानमध्ये तो तुकड्यातुकड्यांत आहे. प्रत्येक देशासाठी वेगळे सर्किट बोर्ड काढणे कारखान्याला परवडत नाही. म्हणून बोर्ड एकच ठेवतात आणि त्यावर काही छोटे डायोड किंवा शून्य ओहमचे जंपर बसवण्याच्या जागा सोडतात. संच रिसेट झाला की आतला प्रोसेसर त्या जागा वाचतो. कुठे डायोड आहे आणि कुठे नाही, यावरून आपण कोणत्या देशात आहोत हे तो ठरवतो. त्यातल्याच एका मांडणीचा अर्थ ‘बंधन नाही’ असा असतो. ही मांडणी चोरवाट म्हणून ठेवलेली नाही. अमेरिकेत मार्स नावाची सैन्याला साहाय्य करणारी हौशी रेडिओ यंत्रणा आहे आणि सिव्हिल एअर पेट्रोल ही दुसरी; त्यांच्या सभासदांना हौशी पट्ट्यांबाहेरच्या ठरावीक वारंवारतांवर अधिकृतपणे काम करावे लागते. या बदलाला जगभर ‘मार्स मॉड’ म्हणतात ते त्यामुळे. आपल्याकडे नाव आले, मॉड आला, फक्त त्यामागचा परवाना तिकडेच राहिला.

हे इतके सोपे का असते, याचे उत्तर रिसीव्हरमध्ये आहे. आजचे बहुतेक संच तीस मेगाहर्ट्झपर्यंतचे सगळे काही सलग ऐकू शकतात. माझ्या संचाच्या पिढीत त्यासाठी आत येणारा संदेश आधी साठ-सत्तर मेगाहर्ट्झच्या मधल्या टप्प्याच्या वारंवारतेवर चढवतात आणि त्यासाठी लागणारा आंदोलक (ऑसिलेटर) कुठेही खंड न पडता सरकत जातो. प्रक्षेपणाचा मार्ग याच पायऱ्या उलट्या उतरतो. त्यामुळे जे ऐकता येते ते बोलताही येते, आणि अडवणारा असतो तो फक्त प्रोसेसर. डायोड काढला की तो अडवायचा थांबतो. पाच मिनिटांचे काम, तेही झाकण उघडण्याचा वेळ धरून.

मला मोर्स शिकवणाऱ्या सरांची या संदर्भात हटकून आठवण येते. त्यांच्याकडे एफटी-१०१ हा ट्रान्झिस्टरांबरोबर नळ्याही असलेला संच होता, शेवटच्या टप्प्यात ६जेएस६सी या दोन नळ्या असलेला. १९७९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने हौशी मंडळींना १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे तीन नवे पट्टे दिले, पण सरांचा संच त्याआधीच्या आराखड्याचा होता. त्यात प्रत्येक पट्ट्यामागे वारंवारता ठरवणारा एक स्फटिक (क्रिस्टल) असे, आणि त्याची वारंवारता पट्ट्याच्या सुरुवातीच्या आकड्यात ६.०२ मिळवून येई. सात मेगाहर्ट्झसाठी १३.०२, चौदासाठी २०.०२. अठरा मेगाहर्ट्झ हवे असतील तर २४.०२ चा स्फटिक कापून मागवायचा, बँडस्विचवर त्याला जागा करून द्यायची, मग अलीकडच्या-पलीकडच्या पट्ट्यांच्या कॉइलला कपॅसिटर जोडत जोडत ती नव्या जागी जुळवायची, आणि शेवटी प्लेट आणि लोड ही दोन बटणे हाताने फिरवून आउटपुट काढायचे. सरांचे या कामात कित्येक रविवार गेले होते, असे ते सांगत. त्यांनी एक पट्टा वाढवला तेव्हा संचात स्फटिक, कॉइल आणि कपॅसिटर वाढले होते. शिवाय तो पट्टा त्यांच्या परवान्यात होता. माझ्या संचात सगळे पट्टे वाढले होते आणि त्यासाठी कोणी तरी एक डायोड कमी केला होता. दोन्हींना आपण ‘मॉडिफिकेशन’ हाच शब्द वापरतो, हे मला आता खटकते.

डायोड काढल्याने जे वाढत नाही ते म्हणजे आउटपुटचे लो-पास फिल्टर. प्रत्येक ट्रान्समीटर मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेच्या लहरीही थोड्याफार काढतोच. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्या अँटेनापर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये फिल्टरांची एक रांग असते. माझ्या संचात ४ ते ८ मेगाहर्ट्झसाठी एक फिल्टर आहे, ८ ते १५ साठी दुसरा, आणि असेच पुढे. चाळीस मीटरवर बोलताना दुसरा हार्मोनिक चौदाच्या पुढे पडतो, आठला संपणाऱ्या फिल्टरच्या कितीतरी बाहेर, त्यामुळे तो व्यवस्थित अडतो. पण त्याच फिल्टरच्या खालच्या टोकाला, सव्वाचारच्या आसपास प्रक्षेपण केले, तर त्याचा दुसरा हार्मोनिक साडेआठच्या अलीकडे, म्हणजे फिल्टरच्या उंबऱ्यावरच येतो. कारखान्याने हा फिल्टर बनवताना तिथे कोणी बोलेल असे धरलेलेच नाही, कारण तिथे हौशी पट्टाच नाही.

हे नुसते कागदावर पटवून घेण्यापेक्षा मोजून पाहावे, असे वाटले. उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणारे एक परिचित आहेत. त्यांच्याकडून ट्रान्सफॉर्मर ऑइल आणले. एक किलो-ओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर पन्नास ओहम होतात. ती जुडी रंगाच्या रिकाम्या डब्यात तेलात बुडवली आणि अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर जिरवणारा डमी लोड तयार झाला. (डबा आधी घासून घ्यावा. माझ्या तेलाला अजून आकाशी छटा आहे.) संचाची पॉवर दहा वॅटवर आणली, मध्ये चाळीस डेसिबलचा, पॉवर क्षीण करणारा अॅटेन्युएटर ठेवला आणि कोणत्या वारंवारतेवर किती पॉवर आहे ते दाखवणारा, हातात मावणारा छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर जोडला. हा अॅटेन्युएटर विसरलात तर पहिल्यांदा बटण दाबताच अॅनालायझर जळतो, हे आवर्जून सांगतो. ७.१ मेगाहर्ट्झवर दुसरा हार्मोनिक मूळ लहरीपेक्षा ५८ डेसिबलने खाली होता. ४.२ वर गेलो आणि तो फक्त ३१ डेसिबलने खाली राहिला.

एचएफ ट्रान्समीटरसाठी अमेरिकेच्या नियमात ही मर्यादा किमान ४३ डेसिबल आहे. ३१ डेसिबल म्हणजे दहा वॅटमागे आठ मिलिवॅट, आणि हेच प्रमाण पूर्ण शंभर वॅटला धरले तर ऐंशी मिलिवॅट. एवढ्याशा पॉवरमध्ये अनुकूल रात्री शेकडो किलोमीटर बोलणारे लोक आमच्याच छंदात आहेत, त्यामुळे तिला क्षुल्लक म्हणण्याची सोय नाही. आणि ती जाते कुठे? ८.४ मेगाहर्ट्झ हा जहाजांच्या दळणवळणाचा पट्टा आहे. संकटातल्या जहाजाने डिजिटल हाक द्यायची एक आंतरराष्ट्रीय वारंवारता ८४१४.५ किलोहर्ट्झ, म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावर. ४.२ वर तर माझी मूळ लहरदेखील जहाजांच्याच पट्ट्यात होती. कोल्हापूर समुद्रापासून घाटाच्या अलीकडे असले तरी आयनोस्फिअरला घाट आडवा येत नाही. सुदैवाने सगळी ऊर्जा रंगाच्या डब्यात जिरत होती.

पट्टा परवान्यातला असला तरी फिल्टरचा प्रश्न सुटत नाही, हेही याच ओघात लिहून ठेवतो. सहा मीटरसाठी, म्हणजे ५० मेगाहर्ट्झच्या पुढे, घरी ट्रान्सव्हर्टर (वारंवारता बदलून देणारा जोडसंच) बांधून एचएफ संचाला जोडण्याचा मार्ग बरेच जण पत्करतात, आणि मला तो डायोड काढण्यापेक्षा कितीतरी पसंत आहे. पण ५१.३५ ची दुप्पट करून पाहा. १०२.७ येते, आणि १०२.७ मेगाहर्ट्झवर आकाशवाणी कोल्हापूर लागते. ट्रान्सव्हर्टरच्या शेवटी नीट फिल्टर नसेल, तर शेजारच्या घरात सकाळच्या भक्तिगीतांत आपली ‘सीक्यू’ची हाक मिसळेल आणि गच्चीवरची अँटेना उतरवण्याचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत निघेल.

ओपन संचाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, त्यांतला एक मला खरोखर विचारात घेण्याजोगा वाटतो. २०१५ च्या जिनिव्हा परिषदेत हौशी सेवेला दुय्यम दर्जाने ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झ हा साठ मीटरचा पंधरा किलोहर्ट्झचा पट्टा मिळाला. त्याआधी बनलेल्या अनेक संचांत तो नाही. ज्याच्या परवान्याच्या अटींत हा पट्टा बसतो, त्याने जुना संच टाकून द्यावा काय? विद्युतदृष्ट्या पाहिले तर इथे डायोड काढण्यात काही बिघडत नाही, मी ५.३६ वरही मोजले, दुसरा हार्मोनिक पावणेअकराला पडत असल्यामुळे तो ५४ डेसिबलने खाली होता. अडचण वेगळीच आहे. हवी असते पंधरा किलोहर्ट्झची फट, आणि उघडते अठ्ठावीस मेगाहर्ट्झची भिंत. शिवाय या पट्ट्यावर आपल्या विभागात मर्यादा पंधरा वॅट ईआयआरपीची आहे, म्हणजे अँटेनाचा लाभ धरून. साध्या डायपोलला संचातून नऊ वॅटच्या आसपास दिले की ती गाठली जाते. डायोड काढलेला संच तिथे निमूटपणे शंभर देतो. ज्यांना या एका कारणासाठी संच उघडायचा असेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पण त्यांनी पट्ट्यांच्या कडा आणि पॉवरचे आकडे कागदावर लिहून डायलखाली चिकटवावेत, एवढा हट्ट जरूर धरेन.

दुसरा मुद्दा महापुराचा. कोल्हापुरात तो निघाल्याशिवाय राहत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने काय केले ते इथे कोणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. चिखली-आंबेवाडीला पाण्याचा वेढा पडला, शिरोलीपाशी महामार्ग बंद झाला, वीज आणि मोबाइल बेभरवशाचे झाले. अशा वेळी पोलिसांच्या किंवा बचाव पथकाच्या वारंवारतेवर थेट बोलता आले तर जीव वाचतील, असे मित्र कळकळीने म्हणतात. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत संकटातल्या केंद्राला, आणि त्याला मदत करणाऱ्यालाही, हाताशी असेल त्या साधनाने संदेश देण्याची मुभा आहे, हे खरे आहे. पण ती मुभा त्या घटकेपुरती आहे. तिच्या भरवशावर वर्षभर ओपन संच बाळगावा, असा तिचा अर्थ निघत नाही. आणि जी यंत्रणा आपापले सांकेतिक नाव, क्रम आणि शिस्त पाळून बोलत असते, तिच्या मध्येच एक अनोळखी आवाज शिरला तर ऐन पुरात तिचा खोळंबाच होतो. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये हौशी रेडिओच्याच मोहिमेवर होत्या. बाकीचे संपर्क तुटले असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानातून मुख्य भूमीशी संपर्क टिकवला, तो नेहमीच्या हौशी पट्ट्यांवरून. त्यांच्याकडे चालणारा संच, वीज आणि सराव होता. आपल्याकडे पुरासाठी काही करायचे असेल तर भरलेली बॅटरी आणि पन्हाळ्यापर्यंत पोहोचणारी, दोन मीटरच्या पट्ट्याची अँटेना यांवर खर्च करावा, असे माझे मत आहे.

हातातल्या चिनी वॉकीटॉकींनी तर हा सगळा विषय उलटा करून टाकला आहे. बाओफेंगचा यूव्ही-५आर घ्या. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो. कोणताही डायोड न काढता, खोक्यातून बाहेर काढल्या काढल्या. आपले हौशी पट्टे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. म्हणजे १५८ मेगाहर्ट्झच्या पसाऱ्यात आपले सहा. विमानांच्या संभाषणाचा पट्टा ११८ ते १३७ असा असल्यामुळे या संचाचे खालचे टोक त्याच्या वरच्या टोकात शिरते, आणि उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या गच्चीपासून काही फार लांब नाही. इथे मॉड करायचा तो बंद करण्याचा. चर्प नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये या संचाच्या बँड लिमिट बदलता येतात. मी माझ्या संचाच्या आणि नुकतीच परीक्षा पास झालेल्या पुतणीच्या संचाच्या मर्यादा आमच्या सहा मेगाहर्ट्झवर आणून ठेवल्या. पुतणीने विचारले, “काका, पण मग इतरांसारखं सगळं ऐकू येणार ना?” येते. बंधन प्रक्षेपणावर घातले आहे, कानावर नाही.

परवान्याशिवाय ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणे हाही १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने गुन्हा होता आणि आता त्या जुन्या कायद्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. परवानाधारकालाही परवाना मिळतो तो ठरावीक पट्ट्यांचा, संचाच्या क्षमतेचा नव्हे. एवढे सांगून कायद्याचा विषय इथेच सोडतो, कारण ज्यांना तो मानायचा नाही त्यांना कलमे पाठ असतात.

राहता राहिला माझा संच. काढलेला डायोड आधीच्या मालकांनी अर्थातच जपून ठेवलेला नव्हता. सर्व्हिस मॅन्युअलच्या आकृतीवरून जागा आणि दिशा शोधली. ४१४८ जातीचा छोटा एसएमडी डायोड चालण्यासारखा होता, तो लक्ष्मीपुरीत दोन रुपयांना मिळाला. तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा माझ्या साठीतल्या डोळ्यांनी आणि पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने बसणे शक्य नव्हते, म्हणून मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे गेलो. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड धरला, अर्ध्या मिनिटात डायोड बसवला आणि विचारले, “काका, हे लावून सेट जास्त चालंल काय?”

“नाही, कमी चालेल.”

“मग लावताय कशाला?”

त्याने तीस रुपये घेतले. घरी येऊन रिसेट केला, त्यात साठवलेल्या नव्याण्णव मेमरी पुसल्या गेल्या आणि त्या परत भरण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. नंतर डमी लोड जोडून डायल ७.७४० वर नेला आणि माइकचे बटण दाबले. संचाने एक तुटक बीप दिला आणि पॉवरचा काटा जागचा हलला नाही.